बादलीवर बसलेला कालेर्वो

"जे दिसत नाही, ते बनवायचं नाही!" हा रौनो लेहतोलाचा मंत्र होता. कंपनीत नवा माणूस आला की कॉफीच्या पहिल्या कपाबरोबर रौनो त्याला हा मंत्र पाजायचाच.

कंपनी फिनलंडमधल्या तांपेरे शहरातली, धबधब्याकाठच्या जुन्या कापडगिरणीच्या वरच्या मजल्यावरची. धंदा एकच, भुताच्या हॉटेलाचा संगणकावरचा खेळ. बर्फात अडकलेला प्रवासी एका हॉटेलात शिरतो, आणि पुढे जे काय होतं ते खेळणाऱ्यानं भोगायचं. हे सगळं हॉटेल, एक तळघर सोडलं तर चमच्यापासून छपरापर्यंत, रौनोनं घडवलेलं. पण निम्मंच! कारण या खेळात प्रत्येक खोलीत कॅमेरा एका जागी ठोकून बसवलेला होता. तो दाखवेल तेच खेळणाऱ्याला दिसणार. मग रौनो मागची बाजू कशाला करतोय? त्याच्या कपाटांना पाठ नव्हती. पियानोला मागचे पाय नव्हते. जिन्याजवळच्या जनरलच्या पुतळ्याला कानापर्यंत चेहरा होता, कानामागे नुसती हवा!

"मागची बाजू करणं म्हणजे कोटाच्या अस्तराला इस्त्री करणं!" रौनो मिशीवरून हात फिरवत म्हणायचा. "इतक्या वर्षांत कोणी पकडलंय मला?"

"तुझ्या डोक्याला तरी मागची बाजू आहे का रे?" केर्त्तु विचारायची. केर्त्तु खेळातले आवाज बनवायची. दारांची करकर, पावलं, कण्हणं, सगळं तिचं. तिचे वाडवडील कारेलिया या पूर्वेकडच्या बोलघेवड्या मुलखातले, त्यामुळे बाकी ऑफिस मिळून दिवसभरात जेवढं बोलायचं तेवढं ती बूट काढता काढता बोलून मोकळी व्हायची.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि ओत्सोनं आरसा खरा करायचं ठरवलं!

ओत्सो म्हणजे कंपनीचा ग्राफिक्सवाला. खेळ आणि संगणकातलं ग्राफिक्स कार्ड यांच्यामध्ये बोलणी करायची एक भाषा असते. ही भाषा दर काही वर्षांनी नवी निघते, आणि जुनी भाषा येणारे लोक तिच्याकडे नव्या जावयाकडे बघावं तसं बघतात. तांपेरेतल्या सगळ्याच खेळवाल्यांचं धोरण सारखं होतं. तलावावरच्या बर्फावर आधी दुसऱ्यानं पाय ठेवावा, तो बुडला नाही की आपण निघावं. त्यामुळे सगळे काठावर उभे! एकटा ओत्सो नवी भाषा शिकून बसला होता, आणि शिकलेल्या माणसाला गप्प कोण बसवणार?

"आत्तापर्यंत खेळातला आरसा म्हणजे शुद्ध थाप होती," त्यानं सगळ्यांना सांगितलं. "आरशाच्या चौकटीत आपण एक चित्र चिकटवायचो. आता तसं नाही! नव्या कार्डात उजेड खरंच धावतो. दिव्यातून निघतो, भिंतीवर आपटतो, आरशात शिरतो, परत फिरतो."

"मग आरशात दिसणार काय?" रौनोनं विचारलं.

"समोर असेल ते."

"आणि कॅमेऱ्याच्या मागे असेल ते?"

"तेही! तीच तर गंमत आहे!"

रौनोच्या हातातला दालचिनीचा रोल हातातच राहिला.

ओत्सोनं एकेक खोली घ्यायला सुरुवात केली. आधी स्वयंपाकघर. चुलीवरच्या तांब्याच्या किटलीत खोली जशीच्या तशी दिसू लागली, आणि त्या खोलीत पाठ नसलेली कपाटं, तळ नसलेली पातेली आणि एका बाजूनेच सोललेला बटाटा! ऑफिस खो-खो हसलं. रौनोही हसला, आणि मुकाट्यानं कपाटांना पाठी लावत बसला. मग जेवणाचा हॉल. तिथल्या चमच्यांमध्ये एक वेटर दिसला, ज्याला पँटच नव्हती. तो कायम टेबलामागे उभा असायचा ना! रौनोनं त्याला पँट शिवली.

"पुढची लॉबी!" ओत्सोनं जाहीर केलं.

केर्त्तुनं कानावरचे हेडफोन काढले. खुर्ची सरकवत ती रौनोजवळ आली आणि तिच्या मानानं फारच हळू आवाजात म्हणाली, "रौनो... तो अजून तिथंच आहे?"

रौनोच्या तोंडचं पाणी पळालं. तो तिथंच होता.

तो म्हणजे कालेर्वो. कालेर्वो हा कंपनीचा मालक. देवदाराच्या ओंडक्यासारखा माणूस. बोलणं कमी आणि नाक जास्त. (आमच्याकडे मालकालाही नावानं आणि 'अरे' म्हणूनच हाक मारतात. फक्त आधी श्वास घेतात.) पूर्वी एकदा, खेळ पुरा व्हायचा होता म्हणून, या कालेर्वोनं सगळ्यांची युहान्नुसची सुट्टी रद्द केली होती. युहान्नुस! वर्षातला सगळ्यात मोठा दिवस! अख्खं फिनलंड तलावाकाठी होळ्या पेटवून बसलेलं, आणि रौनो रिकाम्या शहरात हॉटेलचे दरवाजे घडवत बसलेला. त्या संतापात त्यानं एक मूर्ती घडवली. उघडाबंब कालेर्वो, डोक्यावर सौनाची, म्हणजे वाफेच्या अंघोळीची, लोकरी टोपी, उपड्या बादलीवर फतकल मारून बसलेला, चेहऱ्यावर कुंथल्याचा भाव. आणि ती मूर्ती त्यानं लॉबीत कॅमेऱ्याच्या बरोबर मागे नेऊन ठेवली. तिथे चौथी भिंतच नव्हती. कशाला असेल? दिसतं कोणाला?

पुढे पुढे ते गुपचूप देवस्थानच झालं होतं. कालेर्वोनं कोणाला झापलं की तो माणूस रौनोच्या संगणकावर येऊन दर्शन घेऊन जायचा. त्यातले बहुतेक जण नोकरी सोडून गेले होते. उरली होती केर्त्तु. आणि मूर्ती.

"काढून टाक की!" केर्त्तु म्हणाली.

"बरोबर! काढून टाकतो!" रौनोनं मूर्तीवर बोट ठेवलं आणि ती पुसली.

हॉटेल कोसळलं.

म्हणजे अक्षरशः! झुंबर खाली आलं, जिना उडून हॉटेलाबाहेरच्या गोठलेल्या तलावात पडला, सगळ्या मजल्यांचे दरवाजे पत्त्यांसारखे आभाळात भिरभिरले. कारण मूर्ती नकाशाच्या बरोबर मध्यावर बसली होती. पहिल्यांदा झुंबर टांगताना रौनोला एक पक्की जागा हवी होती, म्हणून त्यानं ते तात्पुरतं तिच्याशी जोडलं. मग जिना झुंबराशी. मग दरवाजे जिन्याशी. इतकी वर्षं ते सगळं हॉटेल कालेर्वोच्या उघड्या खांद्यांवर उभं होतं!

"अरे देवा!" केर्त्तु म्हणाली. "बिचारा खरंच सगळ्यांचा भार उचलतोय की!"

रौनोनं घाईघाईनं मूर्ती परत आणली. हॉटेल परत उभं राहिलं. रौनो मात्र खुर्चीत बसल्या बसल्या खचला. सगळं सोडवून पुन्हा बांधायचं तर पुढची युहान्नुस उजाडली असती.

त्याच आठवड्यात कंपनीच्या सौनात पुरुषमंडळी जमली. आमचे निम्मे महत्त्वाचे निर्णय तिथेच होतात, कारण उघड्या माणसाला फार वेळ वाद घालता येत नाही. कालेर्वो आला. बाकावर जागा नव्हती. त्यानं कोपऱ्यातली बादली उचलली, उपडी केली आणि तिच्यावर बसला. डोक्यावर लोकरी टोपी!

रौनोनं डोळे गच्च मिटले. उघडले. तसाच! अगदी तसाच!

"गुरुवारी पाहुणे येतायत," कालेर्वो तापल्या दगडांवर पाणी टाकत म्हणाला. "कार्डवाल्या कंपनीचे. खेळ आवडला तर जर्मनीत कोलोनला भरणाऱ्या खेळांच्या जत्रेत त्यांच्या मंडपात आपलं हॉटेल लागणार. नाही आवडला तर..." पुढचं त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. महिन्याभरापासून ऑफिसात कॉफीऐवजी कॉफीच्या रंगाचं काहीतरी मिळत होतं. "तेव्हा लॉबीतला आरसा. तो खरा झाला पाहिजे. सगळ्यात मोठा आहे. रौनो, काही अडचण?"

रौनोला दरदरून घाम फुटला. सौनात कोणाला कळणार?

"छे! अडचण कसली!" तो म्हणाला. आवाज केर्त्तुच्या करकरणाऱ्या दारासारखा आला.

दुसऱ्या दिवसापासून रौनोची धडपड सुरू झाली. आधी त्यानं मूर्ती अदृश्य केली. जुन्या पद्धतीत एक कळ दाबली की वस्तू कॅमेऱ्याला दिसत नसे. त्यानं ती दाबली आणि निश्वास टाकला. मग ओत्सोची नवी लॉबी उघडून पाहिली आणि किंचाळला! कळ कॅमेऱ्याला सांगते, उजेडाला नाही! लॉबीत कोणी नव्हतं, पण आरशात बादलीवर कालेर्वो बसलेला होता! भुताच्या खेळात इतकं अस्सल भूत रौनोनं कधी पाहिलं नव्हतं. 

मग त्यानं अक्कल चालवली. कॅमेरा आणि मूर्ती यांच्यामध्ये भिंत! झकास विटांची, दोन्ही बाजूंनी पूर्ण केलेली. संपला विषय!

अर्ध्या तासात ओत्सो धावत आला. "ही भिंत कोणी घातली? माझी संध्याकाळ मेली! लॉबीतला सगळा उजेड त्याच बाजूनं येतो. पाहुणे तो मावळतीचा उजेड बघायला येतायत, आणि इथे कोळशाच्या खाणीसारखा अंधार!"

"पण... चौथी भिंत असते ना हॉटेलला..."

"असू दे! काचेची कर!" आणि ओत्सोनं स्वतःच एक आकडा बदलून ती काचेची केली आणि आरशाकडे न बघताच पळाला.

आता कालेर्वो काचेबाहेर बर्फात बसला होता. पाठीमागे लाल सूर्य. आणि लॉबीच्या चकचकीत फरशीवर, दारापासून जिन्यापर्यंत, एक लांबलचक सावली पडली होती. टोपी, पोट, बादली. रौनोनं पडदा लावला. पडदा नव्या उजेडात पारदर्शक निघाला, आणि सावलीला झालर लागली! त्यानं बर्फात पाइनची झाडं लावली. उजेड प्रत्येक सुईवर आपटू लागला, संगणक म्हातारीसारखा धापा टाकू लागला, आणि ओत्सोनं यादीतूनच झाडं तोडली.

"आगीतून फुफाट्यात!" रौनोनं केर्त्तुजवळ बसून केस उपटले. ते आधीच थोडे होते. "मी गेलो! सत्तेचाळीसाव्या वर्षी मला कोण नोकरी देणार? बायकोला काय सांगू? मालकाला नागडा करून बादलीवर बसवला म्हणून काढलं?"

"मूर्ती हलत नाही," केर्त्तु म्हणाली, "पण तिनं कालेर्वोच असलं पाहिजे असं कुठाय? चेहरा बदल! कोणीतरी भलताच माणूस कर. हॉटेलातला वेडा पाहुणा म्हण. भुताच्या हॉटेलात असला एक तरी असणारच!"

रौनोनं तिचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी आलं. बुधवार उजाडलेला होता. त्यानं दार लावून घेतलं आणि कामाला भिडला. आधी ते नाक काढून दुसरं बसवलं. हनुवटी काढली. कंपनीच्या साठ्यात खऱ्या माणसाच्या मोजमापानं केलेले अवयव होतेच, तिथून जे सापडेल ते घेतलं. टोपी काढून डोक्यावरचे दाट केस विरळ केले. चष्मा घातला. तरी भीती जाईना, म्हणून ओठांवर झुपकेदार मिशी चिकटवली. पोट तेवढं ठेवलं, पोटावरून कोण कोणाला ओळखतो? मागे सरकून पाहिलं. कालेर्वो पार पुसला गेला होता! हा कोणी तिऱ्हाईतच होता. बघितल्यासारखा वाटत होता, पण तिऱ्हाईत.

"कोण वाटतो?" त्यानं केर्त्तुला विचारलं.

केर्त्तुनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कारेलियातल्या बाईला शब्द सुचेनात अशी वेळ तिच्या घराण्यात पहिल्यांदाच आली असावी.

"कालेर्वो नाही वाटत," ती शेवटी म्हणाली, आणि हेडफोन चढवून भिंतीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते. बिचारी माझ्यासाठी रडतेय, असं रौनोला वाटलं.

गुरुवारी पाहुणे आले. प्रमुख होता योस्ट नावाचा उंच डच माणूस, बरोबर दोन गंभीर सहकारी. कालेर्वोनं त्यांच्यासाठी खरी कॉफी केली होती. भिंतीएवढा पडदा लागला. बाहेर दुपारीच अंधारलं होतं. सगळं ऑफिस मागे उभं राहिलं, आणि रौनो दाराच्या सगळ्यात जवळ.

ओत्सोनं खेळ सुरू केला. स्वयंपाकघर आलं, किटली चमकली. योस्टनं मान डोलावली. जेवणाचा हॉल आला, वेटर पँटीत होता. योस्टनं पुन्हा मान डोलावली. मग प्रवाशानं लॉबीचं दार ढकललं, केर्त्तुचं दार करकरलं, आणि समोर तो आरसा! सोनेरी चौकटीचा, भिंतभर! आरशात मावळतीचा लाल उजेड, उजेडात बर्फ, आणि बर्फात उपड्या बादलीवर तो!

योस्टच्या हातातली कॉफी त्याच्या गुडघ्यावर सांडली. त्याच्या एका सहकाऱ्यानं किंकाळी फोडली.  मग फक्त खालचा धबधबा ऐकू आला.

कालेर्वो उठला. पडद्याजवळ गेला. नाक जवळजवळ पडद्याला टेकेपर्यंत गेला.   रौनोनं मागे हात नेऊन दाराची मूठ चाचपली.

"रौनो," कालेर्वो न वळता म्हणाला.

"आं?"

"इकडे ये."

रौनो गेला. मैलभर चालत गेल्यासारखा गेला.

कालेर्वोनं त्याला पडद्याशेजारी उभं केलं. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आरशाकडे. विरळ केस, चष्मा, झुपकेदार मिशी. पुन्हा रौनोकडे. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"रौनो," कालेर्वो गंभीरपणे म्हणाला, "हा तू आहेस."

रौनोनं मान वळवली आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्याच्या डोक्यात घणाचा घाव बसला! साठ्यातले ते मोजमापाचे अवयव! मोजमापाचं यंत्र आणलं तेव्हा त्यापुढे बसायला सगळ्यांनी नकार दिला होता, आणि बसला होता एकटा रौनो! नाक त्याचं. हनुवटी त्याची. पोट तर पहिल्यापासूनच त्याचं होतं, कारण मूर्ती घडवताना त्या रिकाम्या शहरात समोर दुसरं पोटच नव्हतं! गणपती करायला जावं आणि मारुती व्हावा, इथवर ठीक. पण इथे मालक पुसता पुसता तो स्वतःच आकाराला आला होता, आणि तोही कुंथत!

"हा मी ना..." तो म्हणाला, आणि थांबला.

हा मी नाही, तर कोण? पुढचा प्रश्न तोच आला असता. आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर समोरच उभं होतं, चांगलं सव्वासहा फूट.

"हो," रौनो म्हणाला. "मीच."

"नागडा."

"हो. नागडा."

"माझ्या हॉटेलासमोर, बर्फात."

"उजेड... उजेड तिथे चांगला पडतो."

 कालेर्वोनं आपला जड पंजा रौनोच्या खांद्यावर ठेवला. "एवढं धाडस मला झालं नसतं," तो म्हणाला. रौनोनं डोळे मिटून घेतले.

इकडे योस्ट गुडघा पुसत पुढे आला होता. "कातडी बघा!" तो आपल्या माणसांना सांगत होता. "पोटावर उजेड कसा आत झिरपतोय बघा! प्रत्येक केस खरा! हे कोलोनला लागलंच पाहिजे! दारातच लावू, माणसाच्या दुप्पट आकारात!"

ऑफिसनं टाळ्या वाजवल्या. रौनो कोलोनमध्ये नागडा बसणार हे पक्कं झालं. पण नोकरी वाचली, कंपनी वाचली. भिंतीला टेकून तो हळूहळू खाली बसला. केर्त्तुनं त्याला पाण्याचा पेला दिला.

"मग वाट कशाची बघताय?" योस्ट उत्साहानं म्हणाला. "एकेक खोली कशाला? आमची नवी कार्डं उद्याच पाठवतो, माणसं पाठवतो. एका झटक्यात सगळं हॉटेल नव्या पद्धतीवर आणू! वरचे मजले, धोबीघर, सौना, तळघर, सगळीकडे खरा उजेड!"

टाळ्या थांबल्या.

"सौना?" ओत्सो म्हणाला. नव्या भाषेसाठी दोन वर्षं सगळ्यांचं डोकं खाल्लेला ओत्सो! त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. "सौना... सौना इतक्यात नको. म्हणजे तांत्रिक कारणं आहेत. वाफ वगैरे. घाई बरी नाही."

"धोबीघराचं मी म्हणणारच होते," केर्त्तु छताकडे बघत म्हणाली. "तिथे जुनंच बरं दिसतं."

"वरच्या मजल्यांचं आम्ही बघतो," कोपऱ्यातून दोन-तीन आवाज एकदम आले. "सवडीनं."

योस्ट गोंधळला. त्यानं मालकाकडे पाहिलं. कंपनी निघाली तेव्हा पैसे वाचवायला तळघर कालेर्वोनं एकट्यानं, कॅमेऱ्यापुढचं आणि मागचंही, स्वतःच्या हातांनी बनवलं होतं, ही गोष्ट ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होती.

कालेर्वोनं खाकरून घसा साफ केला. त्याचे कान लालभडक झाले होते.

"आमच्या धंद्यात," तो म्हणाला, "नवं तंत्र हळूहळूच घ्यावं लागतं."